मेलेल्यांसाठी दोन हजार द्राख्मा

लढाई संपली होती आणि शब्बाथचा शनिवारही उलटला होता. यहुदी सेनापती यहूदा मक्काबीची माणसं आपले पडलेले साथीदार उचलायला पुन्हा रणावर गेली. इदुमियाचा सेनापती गॉर्गियास याच्याशी झालेल्या चकमकीत थोडेच यहुदी कामी आले होते, आणि त्यांना वाडवडिलांच्या कबरींत नेऊन पुरायचं होतं. प्रेतं उचलताना एकेकाच्या अंगरख्याखाली ताईत निघाले. ताईत याम्नियाच्या मूर्तींचे, म्हणजे यहुदी नियमशास्त्राला साफ निषिद्ध. ही माणसं का मेली याचा उलगडा सगळ्यांना तिथल्या तिथे झाला. पण यहूदाने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्याने सैन्यात वर्गणी काढली, सुमारे दोन हजार द्राख्मा चांदी जमवली आणि मृतांच्या पापासाठी बळी अर्पण करावा म्हणून येरुशलेमला पाठवून दिली.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही हकीकत ‘मक्काबी’ नावाच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात आहे. ग्रंथ ग्रीक भाषेतला. कुरेने गावच्या यासोनाने लिहिलेल्या पाच खंडांचा कुणा अनामिकाने केलेला संक्षेप. प्रसंग सांगून झाल्यावर हा संक्षेपकार दोन शब्द पदरचे घालतो: मेलेले पुन्हा उठणार अशी आशा नसती तर त्यांच्यासाठी प्रार्थना करणं वेडेपणाचं ठरलं असतं, ती आशा होती, म्हणून यहूदाने केलं ते योग्यच केलं. पर्गेटरीला शास्त्राधार काय, असं कॅथलिक माणसाला कुणी विचारलं की तो बहुधा याच पानावर बोट ठेवतो.

पर्गेटरी म्हणजे नरक नव्हे. देवाच्या कृपेत मरण आलेलं आहे, पण बारीकसारीक पापांचे डाग आणि केल्या पापांची फेड शिल्लक आहे, अशा आत्म्यांचं शुद्धिस्थान. तिथून सुटका नक्की, वेळ काय तो लागायचा; आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनांनी, दानधर्माने, विशेषतः मिस्सा या चर्चमधल्या मुख्य उपासनेने तो वेळ कमी होतो, ही कॅथलिक श्रद्धा. प्रॉटेस्टंटांना यातलं काहीच मान्य नाही. त्यांच्या बायबलात मक्काबींचे ग्रंथच नाहीत, तेव्हा पानावर बोट ठेवायला पानच नाही.

हा वाद तसा जर्मनीचा आणि रोमचा. पण त्यातले तिन्ही पक्षकार एकाच किनाऱ्यावर, एका दुपारी फिरून येता येईल एवढ्या टापूत नांदलेले पाहायचे असतील तर रायगड जिल्ह्यात यावं. अलिबागच्या उत्तरेला नवगाव, दक्षिणेला चौल आणि रेवदंडा, कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लई. इथे मक्काबींचा ग्रंथ प्रमाण मानणारे कॅथलिक होते, तो नाकारणारे अमेरिकन मिशनरी आले, आणि ज्यांच्या पूर्वजांची ती कथा, ते यहुदीही होते. गंमत अशी की मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याचा प्रघात या तिसऱ्यांच्यातही होता, आणि त्यासाठी त्यांना मक्काबींची गरज पडलेली नव्हती.

नवगावपासूनच सुरुवात करू. इथल्या यहुद्यांची, म्हणजे बेने इस्रायलींची, परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यालगत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना नवगावात पुरलं, आणि पोथ्या समुद्रात गेल्या. जगलेल्यांना शेमा ही एक प्रार्थना आठवत होती. पुढच्या पिढ्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला आणि कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले गेले. गावांवरून आडनावं पडली: नवगावकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, किहीमचे केहिमकर. या केहिमकरांपैकी हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास आपल्या समाजाचा इतिहास लिहून काढला. तो छापून निघाला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. केहिमकरांच्या मते हे पूर्वज इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपास अंतियोखस एपिफेनीस या राजाच्या जुलमाला कंटाळून गालिलातून निघाले. त्यांची भिस्त एका उणिवेवर होती. या लोकांना हनुक्का हा सण ठाऊक नव्हता, आणि हनुक्का तर मक्काबींनी येरुशलेमचं मंदिर सोडवलं त्याची आठवण. म्हणजे विजय होण्याआधीच यांनी देश सोडला असला पाहिजे.

न पाळलेल्या सणावरून सन काढणं धाडसाचंच. इतिहासकारांपैकी अनेकांना हा तर्क पटत नाही, आणि या समाजाच्या सुरुवातीच्या लेखी उल्लेखांपैकी एक, सार्टोरियस या मिशनऱ्याचं पत्र, अठराव्या शतकातला म्हणजे १७३८ चा आहे. पण घटकाभर केहिमकरांचं खरं धरलं, तर यहूदाने ती वर्गणी काढली तेव्हा नवगावच्या यहुद्यांचे पूर्वज निघून गेलेले होते. त्यांना ती कथाही माहीत असण्याचं कारण नव्हतं, मग ग्रंथाची बात कशाला?

युरोपात मात्र त्या ग्रंथावरूनच मोठी ठिणगी पडली. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापक्षमेच्या चिठ्ठ्यांविरुद्ध पंच्याण्णव मुद्दे मांडले, तेव्हा त्याचा पर्गेटरीवर विश्वास होता. राग होता तो पैसे घेऊन तिथले आत्मे सोडवून देण्याच्या धंद्यावर. दोनच वर्षांनी, १५१९ च्या उन्हाळ्यात लाइपझिगला योहान एक या कसलेल्या वादपटूने त्याला शास्त्राधारावर ओढलं आणि मक्काबींचा बारावा अध्याय पुढे केला. ल्यूथरने उत्तर दिलं की हा ग्रंथ प्रमाण शास्त्रांच्या यादीतला नाही. श्रद्धाळूंनी तो वाचावा, पण वादात त्याचं वजन धरू नये. एवढ्या एका उत्तराने वाद कुठून कुठे गेला पाहा. पर्गेटरी आहे की नाही हा प्रश्न मागे पडला. शास्त्र कशाला म्हणायचं आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न पुढे आला. ल्यूथरच्या आधी हजार वर्षं जेरोमलाही मक्काबींबद्दल शंका होत्या, ऑगस्टीनला नव्हत्या. पण तो पंडितांचा मतभेद होता. आता त्यावरून चर्च फुटायची वेळ आली. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने मक्काबींसह सगळी यादी प्रमाण ठरवली आणि न मानणाऱ्यांना बहिष्कृत केलं.

लाइपझिगचा वाद झाला त्यानंतर दोन वर्षांनी, १५२१ मध्ये, पोर्तुगीजांनी निजामशाहीच्या परवानगीने चौलच्या खाडीवर किल्ल्याचा पाया घातला. आज ज्याला आपण रेवदंड्याचा किल्ला म्हणतो तो हाच. सोळाव्या शतकात इथे फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा एकेका पंथाने मठ आणि चर्चं उभारली. फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा मनोरा ‘सातखणी बुरूज’ या नावाने अजून माडांच्या वर डोकं काढून उभा आहे. पर्गेटरी या किनाऱ्यावर आली ती या जहाजांतून. मात्र ती वचनं, अध्याय आणि खंडनमंडन घेऊन आली नाही. ती कशी आली असेल याचा अंदाज एका घंटेवरून येतो.

जेझुइट मिशनरी फ्रान्सिस झेवियरने जानेवारी १५४८ मध्ये कोचीहून धाडलेल्या पत्रात आजच्या इंडोनेशियातल्या तेर्नाते बेटावर घालून दिलेल्या एका रिवाजाचं वर्णन आहे. रोज रात्री एक माणूस मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेचा झगा घालून निघायचा. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात घंटा. चौकाचौकांत थांबून तो मोठ्याने हाक द्यायचा, की पर्गेटरीत यातना भोगणाऱ्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा. आणि मग, जे जिवंत आहेत पण महापापातून बाहेर यायला तयार नाहीत त्यांच्यासाठीही करा. अंधार, समुद्राची गाज, आणि अंथरुणात पडल्या पडल्या कानांवर येणारी ती हाक. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या कोळ्याला किंवा भंडाऱ्याला ट्रेंटची यादी कोण समजावून सांगणार होतं? अशी घंटा मात्र कळली असती. झेवियर वसई-चौलच्या बाजूलाही येऊन गेला होता. रेवदंड्याच्या किल्ल्यात त्याच्या नावाचं एक छोटं प्रार्थनाघर आहे; त्याने तिथे प्रवचन दिलं असं सांगतात.

मिझेरिकॉर्दिया ही संस्था लिस्बनमध्ये १४९८ साली निघाली आणि पोर्तुगीज आरमार जिथे जिथे नांगरलं तिथे तिथे गेली. चौलमध्येही ती होती. आजारी, कैदी, विधवा यांची सोय बघणं, बेवारशी मेलेल्याला मूठमाती देणं आणि मृताने मृत्युपत्रात सांगितलेल्या मिस्सा होतात की नाही यावर नजर ठेवणं, ही तिची कामं. पोर्तुगालहून सात समुद्र ओलांडून आलेला शिपाई इथल्या तापाने किंवा निजामशाही तोफेने मेला, तर त्याच्या मागे रडायला कुणी नसायचं. मग तो मरणापूर्वी गाठीशी असलेल्या पैशांतून दहा, वीस, पन्नास मिस्सांची तजवीज करून ठेवायचा. पोर्तुगीज मुलखातल्या जुन्या थडग्यांच्या शिळांवर नावगाव आणि साल कोरून झालं की खाली येणाऱ्याजाणाऱ्याकडे ‘आमच्या बापा’ आणि ‘नमो मारिया’ या प्रार्थना मागितलेल्या आढळतात. दगडावर पाय पडला की एक प्रार्थना सुटावी, असा हिशेब.

असे मेलेले चौलला थोडे नव्हते. डिसेंबर १५७० मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला आणि तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालला. तटाबाहेरच्या इमारती, फ्रान्सिस्कनांचा मठसुद्धा, तोफांनी धुळीला मिळाल्या; घराघरातून लढाई झाली. शेवटी निजामशहाला तह करावा लागला. १५९४ मध्ये खाडीपलीकडच्या टेकडीवरचं निजामशाही ठाणं पोर्तुगीजांनी घेतलं, तोच कोर्लईचा किल्ला. त्या लढाईतही दोन्हीकडची माणसं कापली गेली. ज्या शहराच्या भिंतींत इतके मुडदे गाडले गेले, तिथे पर्गेटरी हा धर्मशास्त्राचा विषय राहिला नसणार. तो घरोघरीचा विषय झाला असणार, असं मला वाटतं.

खुद्द ट्रेंटच्या धर्मसभेलाही तेच हवं होतं. डिसेंबर १५६३ मधल्या शेवटच्या बैठकीत तिने पर्गेटरीवर जो ठराव केला तो आश्चर्य वाटावं इतका आखूड आहे. पर्गेटरी आहे, आणि तिथल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनांचा, सर्वांत जास्त मिस्सेचा, उपयोग होतो. बस, एवढंच. आग असते का, किती वर्षं, कुठे, यातलं काहीही नाही. उलट बिशपांना ताकीद आहे की अडाणी लोकांपुढच्या प्रवचनांत अवघड आणि बारीक प्रश्न काढू नयेत, नुसतं कुतूहल वाढवणाऱ्या, भोळसटपणाच्या किंवा पैसे उकळण्याचा वास येणाऱ्या गोष्टी बंद कराव्यात. म्हणजे ल्यूथरची निम्मी तक्रार मुकाट्याने मान्य. त्याआधी फ्लॉरेन्सच्या १४३९ च्या धर्मसभेत ग्रीक चर्चने आगीला हरकत घेतली होती. मेलेल्यांसाठी प्रार्थना ते रोमइतक्याच मनापासून करत, पण ही आग तुम्ही आणली कुठून, असा त्यांचा रोमच्या लॅटिन चर्चला सवाल होता. तेव्हाही अंतिम ठरावातून आग गाळावी लागली होती.

पण लोकांना बारीक प्रश्नच आवडतात. कोर्लई गावचं चर्च माउंट कार्मेलच्या माऊलीचं आहे, आणि या माऊलीचं पर्गेटरीशी खास नातं. तिच्या भक्तांनी तपकिरी लोकरी कापडाचे दोन छोटे चौकोन दोऱ्याने गळ्यात घालायचे, एक छातीवर, एक पाठीवर, सदऱ्याच्या आत. त्याला म्हणतात स्कॅप्युलर. तो घालून आणि नेमधर्म पाळून जो मरेल त्याला माऊली मरणानंतरच्या शनिवारी पर्गेटरीतून बाहेर काढते, अशी समजूत पसरली. आधार म्हणून पोप बाविसाव्या जॉनच्या नावाचं १३२२ चं एक फर्मान दाखवलं जाई. ते बनावट असल्याचं आता अभ्यासकांचं मत आहे. त्या काळीही शंका होत्याच. १६०९ मध्ये पोर्तुगालच्याच इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, या शनिवारच्या वचनाला हरकत घेतली, प्रकरण रोमला गेलं, आणि १६१३ मध्ये निवाडा आला: लोकांनी माऊलीच्या मदतीवर, विशेषतः शनिवारी, श्रद्धा ठेवायला हरकत नाही, मात्र माऊली स्वतः पर्गेटरीत उतरते आहे अशी चित्रं काढू नयेत. पुढे १९१० मध्ये कापडाऐवजी धातूचं पदक घालण्याची मुभा मिळाली. उष्ण, दमट मुलखातल्या मिशनऱ्यांनीच ती मागितली होती. ज्याने कोकणातला श्रावण अंगावर काढला आहे त्याला कारण सांगायला नको.

मक्काबींच्या सैनिकांच्या अंगरख्याखालचे ताईत आणि सदऱ्याखालचा स्कॅप्युलर यांची जोडी कुणालाही सुचेल, आणि प्रॉटेस्टंट टीकाकारांना ती सुचल्याशिवाय राहिली नाही. मला दुसरी जोडी जास्त नवलाची वाटते. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात रब्बी अकीवा आणि एक रोमन अधिकारी यांचा संवाद आहे. शनिवारच वेगळा कशावरून, असं रोमनाने विचारल्यावर अकीवा म्हणतो, तुझ्या बापाच्या कबरीकडे बघ. सहा दिवस धूर निघतो, शब्बाथला निघत नाही. नरकातल्यांनाही शनिवारी सुट्टी, हे यहुदी परंपरेतलं जुनं मत. आणि कोर्लईपासून दोन-चार कोसांवर शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली राहत होते. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा हात चौलच्या तटाच्या आतही पोचत होता, बाटगे यहुदी शोधून काढणं हे तिच्या कामांपैकी एक. तटाबाहेरचे, दुसऱ्या सत्तांच्या अमलातले हे यहुदी मात्र आपापल्या गावी तेल गाळत राहिले.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले. किल्ल्यातली मिश्र वस्ती खाली गावात येऊन राहिली. त्यांची पोर्तुगीज-मराठी मिसळलेली ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, आजही कोर्लईत सुमारे हजारभर माणसं बोलतात. राजसत्ता गेली, मिझेरिकॉर्दियाचा खजिना गेला, रेवदंड्याच्या मठांत झाडं उगवली. दोन नोव्हेंबरचा मेलेल्यांचा दिवस राहिला. त्यामागे आता ना इन्क्विझिशनचा धाक होता ना तटाचा आधार. बेनेडिक्ट चौदाव्याने १७४८ मध्ये पोर्तुगाल आणि स्पेनच्या मुलखांतल्या प्रत्येक पाद्र्याला त्या दिवशी तीन मिस्सा करण्याची सवलत दिली, तोवर चौल पोर्तुगालच्या हातून निसटून आठ वर्षं झाली होती. सगळ्या जगाला ही सवलत मिळाली १९१५ मध्ये, महायुद्धात मेलेल्यांची संख्या मोजवेना तेव्हा.

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. बॉस्टनच्या मिशन संस्थेचे हे कडवे प्रॉटेस्टंट. थोड्याच वर्षांत त्यांच्या मराठी शाळा चौल, रेवदंडा, अलिबाग या भागात निघाल्या, आणि शिकवायला नेमलेल्यांत बेने इस्रायली मास्तरही होते. १८२६ मध्ये त्यांनी मुंबईच्या आपल्या छापखान्यात नव्या कराराचं मराठी भाषांतर छापून काढलं. त्याच साली तिकडे लंडनच्या बायबल सोसायटीने बऱ्याच हाणामारीनंतर ठराव केला होता, की मक्काबी आणि त्यांच्यासारखे ग्रंथ घातलेल्या बायबलला आमचा एक छदामही मिळणार नाही. इंग्रजी राजाश्रयाचं १६११ चं बायबल आणि ल्यूथरचं जर्मन बायबल, दोन्हींत हे ग्रंथ वेगळ्या विभागात का होईना होते. आता तेही गेले. तेव्हा मराठी वाचकाच्या हाती जे प्रॉटेस्टंट बायबल पुढे आलं त्यात यहूदाची वर्गणी नव्हती.

मक्काबी बाजूला ठेवले तर मग उरतं काय? कॅथलिकांची नेहमीची वचनं चार-पाच. सगळ्यांत वजनदार पौलाचं, करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायातलं. पाया ख्रिस्ताचा, त्यावर कुणी सोन्याचांदीने बांधतो, कुणी लाकडागवताने. अग्नी प्रत्येकाच्या कामाची परीक्षा करील, गवताचं काम जळून जाईल, माणूस स्वतः मात्र तरेल, पण आगीतून बाहेर पडल्यासारखा. इथे तरणारा माणूस आहे, आग आहे आणि तोटाही आहे. कॅथलिकाला आणखी काय हवं? प्रॉटेस्टंटाचं उत्तर असं, की पौल इथे धर्मोपदेशकांच्या कामाबद्दल बोलतो आहे, आग न्यायाच्या दिवशीची आहे आणि ती कामाला लागते, आत्म्याला नाही. दुसरं वचन मत्तयाचं: पवित्र आत्म्याच्या निंदेला या युगात किंवा येणाऱ्या युगात क्षमा मिळणार नाही. म्हणजे काही पापांना येणाऱ्या युगात क्षमा आहे, असा उलटा अर्थ ऑगस्टीनपासून काढतात. मला तो ताणलेला वाटतो. ‘कधीच नाही’ हे ठासून सांगायचीही तीच रीत असते. शेवटची दमडी फेडल्याशिवाय सुटका नाही, या दृष्टांतात कैदखाना आहे खरा, पण दृष्टांताची भिंत किती दूरवर न्यायची याला काही धरबंध हवा. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात पौल अनेसिफराला त्या दिवशी दया मिळो म्हणतो आणि सलाम मात्र त्याच्या घरच्यांना पाठवतो. अनेसिफर तेव्हा मेलेला असावा असं वाटतं खरं, पण पौलाने तसं लिहिलेलं नाही. उलट बाजूने क्रुसावरच्या चोराला मिळालेलं ‘आजच’चं आश्वासन पुढे येतं. चोराला पर्गेटरी लागली नाही, मग इतरांना का? त्यावर कॅथलिक म्हणतो, अपवादाने नियम मोडत नाही.

मक्काबींच्या उताऱ्यातही कॅथलिकांना अडचण आहेच, आणि ती प्रॉटेस्टंटांनी नेमकी पकडली. ताईत बाळगणं म्हणजे मूर्तिपूजा, म्हणजे महापाप. महापापात मेलेला कॅथलिक शिकवणीप्रमाणे पर्गेटरीत जातच नाही. मग यहूदाचे दोन हजार द्राख्मा कुणासाठी? मरताना त्यांनी पश्चात्ताप केला असेल, हे उत्तर दिलं जातं. उताऱ्यात ते नाही. माझ्या मते या उताऱ्यातून एक गोष्ट पक्की होते आणि एक होत नाही. ख्रिस्ताच्या दीड-दोनशे वर्षं आधी काही यहुदी मेलेल्यांसाठी प्रार्थना आणि अर्पण करत होते, हे पक्कं. मधलं ठिकाण, तिथली आग, तिथले दिवस, हे यातून निघत नाही. कॅथलिक चर्चही खोलात गेलं की शास्त्र एकटं पुरतं असं म्हणत नाही. शास्त्र आणि परंपरा दोन्ही म्हणतं. ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ मध्ये ओस्तियाला मरणाला टेकली तेव्हा तिने मुलाला सांगितलं, मला कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा. ऑगस्टीनने ते अध्याय-वचनाची विचारपूस न करता केलं.

आणि प्रॉटेस्टंटाचीही एक दुखरी नस आहे. शास्त्र म्हणजे कोणते ग्रंथ, ही यादी शास्त्रात कुठेच दिलेली नाही. मक्काबी वगळताना त्यांचा मुख्य साक्षीदार यहुदी. जुना करार मुळात ज्यांचा, त्यांच्या हिब्रू संग्रहात मक्काबी नाहीत, मग आम्ही का घ्यावेत? युक्तिवाद बिनतोड. पण रेवदंड्याच्या शाळेत जो यहुदी मास्तर अमेरिकन पाद्र्याच्या पगारावर मुलांना बाराखडी शिकवत होता, त्याच्या घरी काय चाललं होतं?

त्याच्या घरी मेलेल्यांसाठी मलिदा होत होता. पोहे, गूळ, नारळाचा चव, वेलची, वर फळं. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नवसाला करतात तोच, पण इथे तो जियारतीचा, मृताच्या नावाने ठरावीक दिवशी माणसं जमवून प्रार्थनेसह वाटायचा. जुन्या बेने इस्रायली घरांत अशीही समजूत होती की दरफाळणीच्या सणाआधी, म्हणजे जगभरचे यहुदी ज्याला योम किप्पुर म्हणतात त्याच्या आदल्या दिवशी, घरची मेलेली माणसं घरी येतात आणि सणानंतरच्या ‘शिळ्या सणा’ला परत जातात. हा मोसम भाद्रपद-आश्विनाचा. शेजारी पितृपक्ष नुकताच आटोपलेला असतो. शेजाराचा वास यात आहे हे उघडच. मलिदा आणि जियारत ही तर मुसलमान शेजाऱ्यांकडची नावं. पण मुळाशी जी गोष्ट आहे ती कैरोपासून क्राकोपर्यंत सगळ्या यहुद्यांत सापडते. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात म्हटलंय की दुष्टांना गेहिन्नोमात, म्हणजे नरकात, बारा महिने शिक्षा असते. त्यावरून बापासाठी मुलाने कद्दीश ही प्रार्थना म्हणायची ती अकरा महिने; पुरे बारा म्हटले तर आपला बाप दुष्टांत मोडतो असं मुलानेच कबूल केल्यासारखं होईल. पर्गेटरीचा शब्द नाही, सिद्धांत नाही, मक्काबी तर नाहीतच. मुदत आहे आणि मुलाची प्रार्थना आहे.

प्रॉटेस्टंटांनी ज्यांची यादी पुढे केली, त्यांनीच आपले मेलेले प्रार्थनेतून वगळले नव्हते. यादी पाद्र्यांनी घेतली, रिवाज घेतला नाही.

मिशनऱ्यांचं एक ऋण मात्र बेने इस्रायली मोकळेपणाने मान्य करत आले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि त्यांनी १८३२ मध्ये यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. जुना करार मराठीत वाचायला मिळाला. पाद्र्यांची आशा होती की हे लोक ख्रिस्ती होतील. झालं असं की ते जास्त पक्के यहुदी झाले. १८४२ मध्ये रेवदंड्याला, १८४८ मध्ये अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग उभं राहिलं. समुद्रात बुडालेल्या पोथ्या छापील होऊन परत आल्या. केहिमकर याच लाटेतले. त्यांच्या पिढीत हनुक्का पाळला जाऊ लागला, म्हणजे मक्काबी या किनाऱ्यावर आले ते सणाच्या दिव्यांतून. मृतांसाठीची हश्काबा ही प्रार्थना सिनेगॉगात रीतसर होऊ लागली आणि घरातल्या पितरांच्या येण्याजाण्याला नवशिकलेली मंडळी नाकं मुरडू लागली. ट्रेंटच्या बिशपांना हे दृश्य ओळखीचं वाटलं असतं.

१९४८ नंतर यातले बहुतेक इस्रायलला गेले. कद्दीश एकट्याने म्हणता येत नाही. दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. अलिबाग तालुक्यात आता उरलेली घरं थोडी, तेव्हा दहावा माणूस कधी मुंबईहून, कधी ठाण्याहून यावा लागतो. कोर्लईत तशी अडचण नाही. मेणबत्त्यांची आणि झेंडूची खरेदी करून माणसं दोन नोव्हेंबरला कबरस्तानात जातात, फादर कबरींवरून पवित्र पाणी शिंपडत पुढे सरकतात, आणि मृतांची नावं लिहिलेल्या मिस्सांच्या पाकिटांचा महिना सुरू होतो.

२००७ च्या नोव्हेंबरात पोप सोळाव्या बेनेडिक्टने आशेवर एक परिपत्रक काढलं. त्यात पर्गेटरीवर काही परिच्छेद आहेत, आणि मेलेल्यांना प्रार्थनेने मदत करता येते ही कल्पना मूळची प्राचीन यहुद्यांची, असं म्हणून त्याने दाखला दिला तो मक्काबींच्या बाराव्या अध्यायाचाच. जाळणारी आग म्हणजे खुद्द ख्रिस्ताची भेट, असं अलीकडच्या काही धर्मपंडितांचं मत तो पसंतीने सांगतो, आणि त्या भेटीचा काळ पृथ्वीवरच्या घड्याळाने मोजता येत नाही असंही बजावतो. मग कार्मेलच्या शनिवारचं काय, यावर परिपत्रकात काही नाही.